किल्ला सोडून बाकी सगळं

जोडून सुट्टी आली की निम्मी मुंबई ४८ नंबरच्या हायवेवर असते (जुन्या लोकांसाठी अजूनही 'एनएच एट'च). मनोर मागे टाकून चिल्हार फाट्याला डावीकडे वळलं की बोईसर, मग तारापूर, चिंचणी, डहाणू. रविवारी रात्री फोटो येतात. केळव्याचा सूर्यास्त, शिरगावचा किल्ला, चिंचणीच्या बीचवर सगळ्यांनी एकदम मारलेली उडी. झालं!

फोटो वाईट नसतात हो. पण ते बघून हा भाग कसा जगतो याचा पत्ता लागत नाही. आणि मला वाटतं, इतिहासाच्या दृष्टीने नेमकं तेच जास्त कामाचं असतं.

उदाहरण चिंचणीचंच घ्या. विसाव्या शतकात इथे काही ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकारांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात संजाण आणि आसपासचा मुलूख एका 'ताजिक' म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे होता. ताम्रपटात त्याचं नाव 'मधुमती' असं येतं. मोहम्मदचं केलेलं संस्कृत! त्याने देवीच्या एका मठाला दान दिलं, त्याची ही नोंद. हे वाचूनच मी उडालो होतो, पण खरी मजा पुढे आहे. या गृहस्थाने दोन नद्यांवर फुकट नावेची सोय केली आणि संजाणला एक अन्नछत्र उघडलं, तिथे येणाऱ्याजाणाऱ्याला भात, कालवण आणि तूप मोफत मिळायचं, असंही त्यात लिहिलंय.

राजे-मंडलेश्वर कुठल्याही ताम्रपटात भेटतात. पण अकराशे वर्षांपूर्वी या रस्त्याने जाणारा माणूस खाडी कशी ओलांडायचा आणि जेवायला काय मिळायचं, हे कळतं ते या दोन-तीन ओळींमुळे. आपल्या रोड ट्रिपचाच प्रश्न की हा, फक्त ढाबा फुकट.

किल्ल्यांचं बोलायचं तर तारापूरचा किल्ला मराठ्यांनी जानेवारी १७३९ मध्ये, चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत पोर्तुगीजांकडून घेतला. लढाई मोठी झाली, बाजी भिवराव तिथेच पडले. किल्ल्यांवर पुस्तकं आहेत, ग्रुप आहेत, ड्रोनचे व्हिडिओ आहेत. त्यांची काळजी घ्यायला माणसं आहेत, म्हणून इथे थांबत नाही.

कॅमेरा आला तरी साधी माणसं त्यात नीट आली नाहीत. मुंबईत १८६० च्या दशकात विल्यम जॉन्सनने इथल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. तेव्हा ओल्या काचेच्या प्लेटवर फोटो घ्यावा लागे, जागच्या जागी धुवावा लागे. मग त्याने काय केलं, तर माणसांचे फोटो वेगळे काढले आणि मागे दुसरीकडचं दृश्य जोडलं. थोडक्यात, फोटोशॉप! माणूस खरा, पण तो उभा कुठे होता ते खोटं.

आमच्या घरात आजोबांचे दोनच फोटो आहेत. एक लग्नाचा, दुसरा फॅक्टरीच्या ओळखपत्राचा. दोन्हींत मागे पडदा. सत्तरच्या दशकातलं, एमआयडीसी नुकती येत असतानाचं बोईसर त्या पडद्यामागे कुठेतरी आहे...

त्या मानाने वारली बायका हुशार. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढायच्या, भोवती शेत, झाडं, नाच, सगळा गाव. भिंत सारवली की चित्र गेलं. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी ते सत्तरच्या दशकात कागदावर आणलं आणि जगभर नेलं (२०११ ची पद्मश्री त्यांची). त्यांच्या मासेमारीच्या चित्रातलं जाळं एकदा बघाच. असो, थोडं विषयांतर झालं.

तारापूरला या. अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, देशातलं पहिलं. पुढे ५४० मेगावॅटची दोन युनिट आली, २००५ आणि २००६ मध्ये. या भागाचा चेहरा सगळ्यात जास्त ज्याने बदलला, त्याचा फोटो काढायला बंदी! सुरक्षेचा प्रश्न आहे, ठीकच. पण या दोन युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवून दुसरीकडे वसवावी लागली. त्या गावांचा फोटो काढायला कुणाची बंदी नव्हती. मोबाइलमध्ये कॅमेरे येण्याच्या जरा आधीची गोष्ट. दहा वर्षं उशिरा घडलं असतं तर तिथल्या प्रत्येक ओट्याचा, विहिरीचा फोटो कुणाच्या तरी खिशात असता.

आणि आता पुढची पाळी आहे. वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प. मच्छीमारांचा विरोध १९९० च्या दशकापासूनचा. बुलेट ट्रेनचं स्टेशन बोईसरला येतंय. हे बरं की वाईट यावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत, त्यामुळे मी गप्प. पण किनारा आज आहे तसा राहणार नाही, यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे.

तेव्हा मंडळी, किल्ला जरूर बघा, पण कॅमेरा थोडा वळवा. २०१३ पासून धावणाऱ्या डहाणू लोकलमधल्या सकाळच्या टोपल्या. सातपाटीला काठ्यांवर वाळणारे बोंबील. शिफ्ट सुटल्यावर एमआयडीसीच्या नाक्यावरची वडापावची गर्दी. हायवेला ताडगोळे सोलणारा हात. चिंचणी-वाढवणकडे घराघरात चालणारं डायमेकिंग, म्हणजे दागिन्यांचे साचे कोरण्याचं काम. आधी विचारा मात्र. मासे विकणाऱ्या मावशींना न विचारता फोटो काढलात तर जे ऐकाल ते इथे लिहिता येणार नाही.

आणि फोटोखाली गावाचं नाव, तारीख, काय चाललंय ते लिहून ठेवा. त्या ताम्रपटाचं निम्मं मोल त्याच्या मेटाडेटात आहे. शक लिहिलाय, गाव लिहिलंय, देणाऱ्याचं नाव लिहिलंय. 'आयएमजी_४०२३' वरून पुढच्या माणसाला काय कळणार? माणसाचं नाव मात्र त्याची परवानगी असेल तरच.

मी पुढच्या शनिवारी वाढवणला जातोय. ओळखीच्या एका डायमेकर काकांनी सांगितलंय, दुपारी ये, सकाळी हात मोकळा नसतो. मी सकाळीच जाणार आहे.