शिक्का ओळखायचा कुणी?

शिवकालीन पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि अखेरीस मोर्तब. पत्र कुणाचे ते शिक्का सांगे. मोर्तबामुळे मागाहून खाली एखादी ओळ घुसडणे अवघड होई. आजची डिजिटल स्वाक्षरी ही दोन्ही कामे गणिताच्या बळावर करते. पण शिक्का परमुलखात गेला आणि तिथे तो ओळखणारा कुणी नसला, तर?

या प्रश्नाने युरोपला दीड दशकाहून अधिक काळ झुंजवले.

१९९९ मध्ये युरोपीय संघाने निर्देश काढला आणि ठरावीक अटी पाळणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीला हस्ताक्षराइतकेच कायदेशीर मोल दिले. कागदावर प्रश्न मिटला. प्रत्यक्षात प्रत्येक देशाने तो निर्देश आपापल्या परीने कायद्यात उतरवला. एस्टोनियातील स्वाक्षरी पोर्तुगालमधील संगणकाला गणिताने तपासता येई. पण तिची ग्वाही देणारी संस्था खरोखर मान्यताप्राप्त आहे का, हे विचारायचे कुणाला?

उत्तर २००९ मध्ये मिळाले, तेही अगदी रुक्ष : यादी. प्रत्येक देशाने आपल्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी प्रसिद्ध करायची आणि त्या साऱ्या याद्यांची एक यादी युरोपीय आयोगाने सांभाळायची. अशा निर्णयांना इतिहासग्रंथांत क्वचितच जागा मिळते; माझ्या मते खरे वळण मात्र हेच.

यादीतल्या नावावर देखरेख नसेल तर काय होते, ते २०११ मध्ये दिसले. डिजिनोटार या डच प्रमाणपत्र-संस्थेत हॅकर शिरले. तिच्या नावाने निघालेले गूगलचे बनावट प्रमाणपत्र इराणमधील लोकांवर पाळत ठेवण्यासाठी वापरले गेले. डच सरकारची संकेतस्थळेही याच संस्थेच्या भरवशावर होती. महिन्याभरात संस्थेचे दिवाळे निघाले.

पुढे २०१४ चा ‘आयडास’ कायदा आला आणि १ जुलै २०१६ पासून लागू झाला. एका सदस्य देशाची पात्र स्वाक्षरी इतर सर्वांनी मानलीच पाहिजे, हे त्याने बंधनकारक केले. संस्थांवरची देखरेखही कडक केली.

मग करोना आला. १ जून २०२१ रोजी लस-प्रमाणपत्रांचा युरोपीय गेटवे सात देशांसह सुरू झाला. त्यातून कुणाच्याही आरोग्याची माहिती जात नसे. जात त्या फक्त प्रत्येक देशाच्या स्वाक्षऱ्या तपासण्याच्या सार्वजनिक किल्ल्या. तपासणी जागच्या जागी होई. पुढे संघाबाहेरचे ५१ देश व प्रदेश या व्यवस्थेला जोडले गेले.

या जाळ्याबाहेर काय घडत होते, याचा अनुभव आपल्यालाही आला. ब्रिटन तेव्हा संघातून बाहेर पडलेला होता. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याने कोविशील्डला मान्यता दिली, भारताच्या प्रमाणपत्राला मात्र दिली नाही. म्हणजे संशोधन ऑक्सफर्डचे, लस पुण्यात बनलेली, दोन्ही मात्रा घेतलेल्या. तरीही प्रवाशाला दहा दिवस विलगीकरण! भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना तोच नियम लावला. आठवड्याभरात, ११ ऑक्टोबरला, ब्रिटनने भारतीय प्रमाणपत्र मान्य केले.