ऊन की उजेड? सौरघटाचा थोडा इतिहास

मंडळी, आपण सोलापूरकर, तेव्हा उन्हाची ओळख करून द्यायला नको. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलचे कारखाने आहेत. यंत्रमाग विजेवर चालतो, म्हणून शेडच्या पत्र्यावर सोलर बसवायचं का, हा कारखानदारासाठी थेट बिलाचा प्रश्न. त्यात एक समजूत हमखास ऐकू येते, की मे महिन्यात पारा ४३ वर गेला म्हणजे वीजही सगळ्यात जास्त. ती कुठे चुकते हे बघायला आपण दीडशे वर्षं मागे जाऊ.

१८७६ साली इंग्लंडमध्ये ॲडम्स आणि डे हे दोघं सेलेनियमच्या कांड्यांवर प्रयोग करत होते. जवळ मेणबत्ती धरली की काटा लगेच हलायचा, उजेड अडवला की लगेच शून्यावर. उष्णतेचं असं नसतं बघा, गॅस बंद केला तरी तवा तापलेलाच राहतो. म्हणजे वीज येत होती ती उजेडातून.

पण का, याचा धागा सापडायला १९४० उजाडलं. अमेरिकेत बेल लॅबमध्ये रसेल ओल यांच्याकडे सिलिकॉनचा एक तडा गेलेला तुकडा होता. त्यावर उजेड पडला की जवळपास अर्धा व्होल्ट! तुकड्यातली अशुद्धी दोन बाजूंना वेगवेगळी होती आणि सगळी गंमत त्यांच्या सीमेवर. एका भागात मोकळे इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्यात त्यांच्या रिकाम्या जागा, म्हणजे 'होल'. सीमेवरचे काही इलेक्ट्रॉन पलीकडे जातात आणि तिथे विद्युतक्षेत्र तयार होतं. प्रकाशाने सुटा झालेला इलेक्ट्रॉन हे क्षेत्र एकीकडे ढकलतं, होल दुसरीकडे. बाहेरून तार जोडली की प्रवाह सुरू. १९५४ मध्ये तिथेच चेपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनमध्ये बोरॉन मुरवून ही सीमा मुद्दाम, अगदी पृष्ठभागालगत घडवली. प्रकाशातल्या ६ टक्के ऊर्जेची वीज झाली. आज आकडा किरकोळ वाटेल, पण कामाचा पहिला सौरघट तो.

आता परत आपल्या पत्र्यावर. सिलिकॉन तापलं की उष्णतेनेच जादा इलेक्ट्रॉन-होल सुटतात, ते पुन्हा एकमेकांत मिसळण्याचं प्रमाण वाढतं आणि व्होल्टेज उतरतं. दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के शक्ती जाते. पॅनलवर छापलेले वॅट २५ अंशांवरच्या घटाचे असतात. भर दुपारी घट ६५ अंशांवर गेला, तर शंभरातले १२ ते १६ वॅट तिथेच संपले. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू नये, खालून वारा खेळायला जागा ठेवावी. आणि कर्जाचा हप्ता छापील आकड्यावर बेतू नये, हे आम्ही प्रत्येक कारखानदाराला सांगतो. थंडीतल्या स्वच्छ दुपारी, तेवढाच उजेड पडला, तर तेच पॅनल मे महिन्यापेक्षा जास्त देतं.