अणुरहस्याचे रक्षण : क्लाउस फुक्स प्रकरणाचा पुनर्विचार

अणुबाँबविषयक हेरगिरीची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : हेरांचे साहाय्य नसते, तर सोव्हिएत रशियास बाँब केव्हा साधला असता? हा प्रश्न महत्त्वाचा खरा. परंतु त्यामुळे दुसरा एक प्रश्न मागे पडतो. रहस्यरक्षणासाठी ज्या भिंती उभारण्यात आल्या, त्यांनी प्रत्यक्षात कोणास अडविले? क्लाउस फुक्स प्रकरणाच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

इ. स. १९११ मध्ये जर्मनीत जन्मलेला हा पदार्थविज्ञानवेत्ता १९३२ मध्ये कम्युनिस्ट पक्षात शिरला व हिटलरची सत्ता येताच, १९३३ मध्ये, इंग्लंडात आश्रयास आला. १९४१ मध्ये तो रूडॉल्फ पायर्ल्स यांच्या हाताखाली ब्रिटिश अणुसंशोधनात दाखल झाला आणि त्याच वर्षी त्याने सोव्हिएत हेरखात्याशी संधान बांधले. त्याच्या पूर्वीच्या राजकीय मतांची नोंद ब्रिटिश सुरक्षाखात्याच्या दप्तरी होती. तरीही ब्रिटिशांच्या ग्वाहीवर विसंबून अमेरिकेने त्यास प्रवेश दिला. १९४४ च्या ऑगस्टमध्ये तो लॉस अलामॉस येथे पोहोचला. प्लुटोनियमच्या गोळ्यावर सर्व बाजूंनी एकाच क्षणी दाब आणण्याची जी रचना तेथे सिद्ध होत होती, तिचे वर्णन त्याने १९४५ च्या जूनमध्ये सांता फे येथे हॅरी गोल्ड या दूताच्या हाती दिले. पहिला चाचणीस्फोट १६ जुलै रोजी झाला. अर्थात स्फोटापूर्वीच त्याचे तंत्र मॉस्कोच्या वाटेस लागले होते.

पुढील वर्षी, १ ऑगस्ट १९४६ रोजी, अध्यक्ष ट्रूमन यांनी मॅकमहन कायद्यावर सही केली. अणुविषयक माहिती परराष्ट्रांस देण्यास या कायद्याने मनाई केली व तीतून ब्रिटनही सुटले नाही. १९४३ च्या क्वेबेक कराराने जे सहकार्य सुरू झाले होते, ते असे खुंटले. ज्या राष्ट्राचे शास्त्रज्ञ लॉस अलामॉस येथे राबले होते, त्यास आपला बाँब स्वतंत्रपणे घडवावा लागला. त्याची चाचणी ३ ऑक्टोबर १९५२ रोजी झाली. सोव्हिएत चाचणी मात्र त्यापूर्वीच, २९ ऑगस्ट १९४९ रोजी, उरकली होती आणि तो बाँब अमेरिकन नमुन्यावरच बेतलेला होता. मित्रासाठी दार बंद झाले, तेव्हा प्रतिस्पर्धी आराखडा घेऊन केव्हाच निघून गेला होता.

यावरून केवळ चोरीने बाँब झाला, असे अनुमान काढणे योग्य होणार नाही. आराखडा हाती आला तरी युरेनियम मिळवावे लागते, अणुभट्ट्या उभाराव्या लागतात, मिळालेली माहिती पडताळून पाहावी लागते. हे कार्य कुर्चातोव्ह व त्यांचे सहकारी यांनीच केले. शिवाय असे अस्त्र बनू शकते, हे मूळ रहस्य ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावरील स्फोटानेच जगजाहीर केले होते.

गुप्ततेची आणखी एक बाजू फुक्स पकडला गेला तेव्हा दिसून आली. सोव्हिएत सांकेतिक तारांच्या उकलीतून, म्हणजे ज्यास पुढे ‘व्हेनोना’ हे नाव पडले त्या कार्यातून, १९४९ मध्ये त्याच्यावर संशय आला. परंतु हा पुरावा न्यायालयात मांडणे म्हणजे उकलीचे रहस्य फोडणे होय. म्हणून कबुलीजबाबावाचून गत्यंतर नव्हते. तो १९५० च्या जानेवारीत मिळाला आणि १ मार्च रोजी फुक्सला १४ वर्षांची शिक्षा झाली. त्याच तारांतून उघडकीस आलेला लॉस अलामॉसचा तरुण शास्त्रज्ञ थिओडोर हॉल याने मात्र कबुली दिली नाही. त्याच्यावर कधीच खटला भरला गेला नाही. या तारा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

सारांश, गुप्ततेच्या भिंतीने येथे मित्रराष्ट्रास, न्यायालयास व स्वदेशातील जनतेस अडविले. ज्याच्यासाठी ती उभारली, त्यास ती पुरेशी अडवू शकली नाही. याचे कारण असे की रहस्य कागदांत नव्हे, माणसांच्या बुद्धीत वसते आणि माणसाची निष्ठा कायद्याने मोजता येत नाही. अण्वस्त्रांच्या इतिहासाच्या अभ्यासकाने गुप्ततेचे मूल्यमापन करताना तिने काय राखले याबरोबरच कोणास वंचित केले, हेही तपासावयास हवे.