अंगण, अप्पू घर आणि मॉल : दिल्लीची मुलं खेळायला कुठे गेली?



दिल्लीचा विषय निघाला की आपण मराठी माणसं बाजीराव, महादजी आणि पानिपत यांच्यावर येऊन थांबतो. आज आपण त्याच दिल्लीकडे लहान मुलांच्या उंचीवरून बघणार आहोत. प्रश्न अगदी साधा आहे : या शहरातली मुलं खेळायला कुठे जात होती, आणि आता कुठे जातात? उत्तर शोधायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की यात शहराचं राजकारण आहे, जमिनीचा भाव आहे, हवा आहे, आणि मराठी बायकांनी घडवलेला एक मोठा विचारही आहे. म्हणून हा भाग.

सुरुवात मेहरौलीपासून करू. कुतुबमिनारच्या आसपासचा हा भाग. १८१२ च्या सुमारास, दुसरा अकबरशहा नावापुरता बादशहा असताना, इथे 'फूलवालों की सैर' सुरू झाली. बादशहाचा मुलगा मिर्झा जहांगीर याने इंग्रज रेसिडेंटवर गोळी झाडली, म्हणून इंग्रजांनी त्याला अलाहाबादला पाठवलं होतं. तो सुखरूप परत यावा म्हणून त्याच्या आईने बख्तियार काकींच्या दर्ग्यावर चादर चढवण्याचा नवस केला. तो फेडायला राजवाडा निघाला आणि त्याच्या मागोमाग अख्खं शहर निघालं. फुलांचे पंखे दर्ग्यावर गेले, तसेच जवळच्या योगमाया मंदिरातही गेले. पुढे दर पावसाळ्यात लोक बायकापोरांसह मेहरौलीला यायला लागले. आमराईत झाडांना झोपाळे बांधले जायचे. झरना नावाच्या बागेत पोरं उंचावरून पाण्यात उड्या मारायची. पतंग, कुस्त्या, खाणंपिणं असायचं. कुटुंबाने मिळून मुलांना घेऊन बाहेर पडायची ही दिल्लीची जुनी रीत. आमराईत झोका घ्यायला पैसे लागत नसत. १९४२ साली, चले जावच्या धामधुमीत, इंग्रजांनी हा उत्सव बंद पाडला. स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या पुढाकाराने तो पुन्हा सुरू झाला.

मधल्या काळात मात्र शहरच बदललं होतं. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या आत होती. १९५१ मध्ये ती साडेसतरा लाखांच्या घरात गेली. फाळणीनंतर आलेल्या लोकांनी शहर भरून गेलं. आधी तंबू, मग छावण्या, मग वसाहती. डोक्यावर छप्पर हवं होतं, अंगण नंतर बघू, अशी ती वेळ.

अशा शहरात मुलांच्या खेळाची जबाबदारी सरकारने उचलली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९५६ साली नेहरूंच्या कल्पनेतून बाल भवन सुरू झालं. आधी तुर्कमान गेटजवळ, मग कोटला रोडवर स्वतःच्या जागेत. पाच ते सोळा वर्षांच्या मुलांनी नाममात्र वर्गणी भरायची आणि चित्रं काढायची, माती कालवायची, नाटक करायचं, छोट्या आगगाडीत बसायचं. परीक्षा नाही, नंबर नाही. १९५७ मध्ये व्यंगचित्रकार शंकर यांनी चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट काढला. १९६५ मध्ये बहादूरशाह जफर मार्गावर त्यांचंच बाहुल्यांचं संग्रहालय उघडलं. इंडिया गेटपाशी मुलांची बाग होतीच.

यानंतर अप्पू घर. १९८२ च्या आशियाई स्पर्धांचं बोधचिन्ह होतं अप्पू नावाचं हत्तीचं पिल्लू. त्याच्या नावाने प्रगती मैदानात हे अम्युझमेंट पार्क उभं राहिलं. उद्घाटनाची तारीख १९ नोव्हेंबर १९८४. इंदिरा गांधींचा जन्मदिवस. त्यांची हत्या होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. शीखविरोधी हिंसाचारातून शहर सावरलेलं नव्हतं. राजीव गांधींनी त्या दिवशी मुलांसाठी हे पार्क उघडलं. देशातलं या प्रकारचं पहिलं म्हणून ते ओळखलं जातं. मुंबईला एस्सेल वर्ल्ड आलं ते १९८९ मध्ये. अप्पू घराला तिकीट होतं, पण दिल्लीतल्या कारकुनाला आणि छोट्या दुकानदाराला वर्षातून एकदा तरी ते झेपायचं.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. बाल भवन, बाहुल्यांचं संग्रहालय, अप्पू घर, इंडिया गेटची बाग. आयटीओ चौक मधे धरला तर हे सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत येतं. म्हणजे राजधानीच्या ऐन मध्यावर, सचिवालयं आणि न्यायालयांच्या शेजारी, मुलांना जागा होती. शहराच्या कुठल्याही टोकाहून डीटीसीची बस पकडा आणि या.

ही जागा गेली कशी? १७ फेब्रुवारी २००८ ला अप्पू घर कायमचं बंद झालं. ती जमीन सर्वोच्च न्यायालयाचा विस्तार आणि मेट्रो यांच्यासाठी हवी होती. जुलै २०१९ मध्ये तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या नव्या इमारती सुरू झाल्या. न्यायालयाला जागा हवी होती, मेट्रोलाही हवी होती. दोन्ही गरजा खऱ्याच. पण जमिनीवर तीन हक्कदार उभे असले की त्यातलं मूल सगळ्यात आधी उठतं, कारण त्याच्या बाजूने अर्ज करणारं कोणी नसतं. मुलांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९२ मध्येच मान्यतेची मोहोर उमटवली होती. त्या कराराच्या ३१ व्या कलमात खेळ हा मुलाचा हक्क म्हटला आहे. कागदावरच्या त्या हक्काला चौरस मीटर मात्र ठरलेले नाहीत.

याच सुमाराला खेळ मध्यातून उठून कडेला गेला. नोएडा, गुरुग्राम. २००० नंतर तिथे मॉल उभे राहिले आणि मॉलच्या वरच्या मजल्यावर मुलांचे प्ले झोन आले. या प्ले झोनचा मूळ पुरुष म्हणून एरिक मॅकमिलन या डिझायनरचं नाव घेतलं जातं. त्यांनी १९७२ मध्ये कॅनडात टोरांटोच्या ओंटारिओ प्लेस इथे 'चिल्ड्रन्स व्हिलेज' उभारलं. जाळ्यांवर चढायचं, मऊ पिशव्यांमधून घुसायचं. मग १९७६ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला त्यांनी प्लॅस्टिकच्या चेंडूंचं तळं केलं. आज ज्याला पोरं 'बॉल पूल' म्हणतात, ते हेच. दुसरी कल्पना मेक्सिकोची. १९९९ मध्ये तिथे किडझानिया सुरू झालं. छपराखाली छोटं शहर, त्यात मुलांनी पायलट, डॉक्टर, अग्निशामक व्हायचं, 'किडझो' नावाचे पैसे मिळवायचे आणि खर्च करायचे. मुंबईत घाटकोपरला ते २०१३ मध्ये आलं आणि नोएडात २०१६ मध्ये.

मी स्वतः अशा एका प्ले झोनमध्ये गेलो तो नोव्हेंबर महिना होता. माझी बहीण आणि दाजी नोएडात राहतात. आई नागपूरहून आली होती. सोसायटीत खाली चांगली बाग आहे, घसरगुंडी आहे, पण आठवडाभर भाच्याला खाली सोडलं नव्हतं. बाहेर धूर इतका, की समोरची इमारत अर्धीच दिसायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये हवेचा निर्देशांक ४५० च्या वर गेला आणि दिल्लीतल्या शाळांचे वर्ग ऑनलाइन करावे लागले, हे तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. मे-जूनमध्ये ४५ अंशांचं ऊन. म्हणजे ज्या बागा शिल्लक आहेत, त्याही वर्षातले कितीतरी दिवस मुलांना बंद. तेव्हा प्ले झोनला जाणाऱ्या आईबापांना 'पैशाचा माज' म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. घरात कोंडलेल्या सहा वर्षांच्या पोराला कुठेतरी पळायला हवंच.

काउंटरवर मनगटाला पट्टा बांधला. रबरी ठिपक्यांचे मोजे वेगळे विकत घेतले. तासाचा हिशेब. भाचा "मामा, चल ना!" म्हणत चेंडूंत गडप झाला. आत सगळं स्वच्छ होतं. मुलगी असो की मुलगा, सारख्याच धिटाईने चढत होती. बाळ घेऊन आलेल्या बाईला बसायला जागा होती, शौचालय नीट होतं. हे आपल्या सार्वजनिक बागांत किती ठिकाणी मिळतं, याचाही हिशेब करायला हवा.

आईने विचारलं, "याला तहान लागली, बाहेर येऊन पाणी प्यायला, तर परत आत सोडतात का?" नाही. बाहेर पडलं की पट्टा संपला. आई म्हणाली, "मग हे अंगण नव्हे रे. अंगणात मूल दहादा आत-बाहेर करतं."

चेंडूंपाशी उभ्या असलेल्या मदतनीस ताईंना मी विचारलं, तुमची मुलं येतात का इथे? त्या म्हणाल्या, "नहीं भैया, बेटी तो गाँव में है, नानी के पास." दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना खेळवणाऱ्या बाईची मुलगी दिल्लीतच नव्हती.

आईच्या तोंडचा तो 'अंगण' शब्द मला पुन्हा इतिहासाकडे घेऊन गेला. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांची शाळा काढली आणि पुढे तिला 'किंडरगार्टन' नाव दिलं. म्हणजे मुलांची बाग. आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात, आज पालघरमध्ये. तिथे अडचण आली. हरिजन वस्तीतली मुलं केंद्रावर येईनात. घरी धाकटं भावंडं सांभाळायचं, अंगावर धड कपडे नाहीत, शिवाय जातीची भिंत. तेव्हा या दोघींनी मुलं का येत नाहीत यावर भाषणं केली नाहीत. त्या वस्तीत गेल्या आणि तिथल्याच अंगणात बालवाडी भरवली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली पोरं गुरं राखायला जात, तर शाळा कुरणात नेली. तिला नाव पडलं कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ गटांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज दिल्लीच्या कुठल्याही वस्तीत 'आंगनवाडी' कुठे आहे विचारा, लोक बोट दाखवतात. हा शब्द पालघरच्या किनाऱ्यावरून आला, हे तिथे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

खुद्द दिल्लीतही हा विचार कुणालातरी सुचला होता. १९६९ हे गांधीजींचं जन्मशताब्दी वर्ष. राजघाटाजवळ प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं. मजूर बायकांची तान्ही मुलं तिथेच धुळीत, उन्हात पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली. त्यांनी तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. बांधकाम जिथे जाईल तिथे पाळणाघर जायचं. पुढे ते काम मुंबई-पुण्यातही पोचलं.

म्हणजे बघा, मुलांच्या खेळाचे दोन मार्ग आपल्या समोर आहेत. एकात मुलाला खेळाकडे न्यायचं. बाल भवन, अप्पू घर, प्ले झोन, सगळे या मार्गावरचे. फरक इतकाच की सरकार बाजूला झालं तसं तिकीट वाढत गेलं. दुसऱ्यात खेळ मुलाकडे न्यायचा. अंगणवाडी, कुरणशाळा, मोबाइल क्रेश. पहिल्या मार्गाला इमारत लागते, दुसऱ्याला माणूस. दिल्लीने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पहिल्यावर भरपूर पैसा ओतला. दुसरा मार्ग चालवणाऱ्या अंगणवाडी सेविकेला अजून पगार नाही, मानधन मिळतं. तिचं केंद्र बहुतेकदा एका खोलीत भरतं, आणि त्या खोलीला अंगणच नसतं. नाव तेवढं राहिलं.

तुम्ही नागपूरला असा, बेळगावला, इंदूरला की बडोद्याला, हा प्रश्न तुमच्या शहरात आलेलाच आहे किंवा वाटेवर आहे. तेव्हा दोन कामं सांगतो. तुमच्या वॉर्डच्या विकास आराखड्यात मुलांच्या मैदानाचं आरक्षण कोणत्या जागेवर आहे आणि आज तिथे काय उभं आहे, ते नगरपालिकेत जाऊन बघा. आणि जवळच्या अंगणवाडीत एकदा डोकावा. मुलांना बाहेर पळायला किती जागा आहे, ते पावलांनी मोजा. तो आकडा आम्हाला कळवा. जे आकडे येतील, त्यांवर आपण पुढचा एक भाग करू.