तेरची हस्तिदंती मूठ

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात त्याची नोंद आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर. तगरचे साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात पोचत असे. तगर नेमके कुठे, याबद्दल जुन्नर, देवगिरी अशी नावे पूर्वी पुढे येत होती. 1901 साली फ्लीट यांनी ते तेरच असल्याचे दाखवून दिले. पुढे हेन्री कझिन्स यांनी गावातली विटांची देवळे आणि जुने अवशेष पाहून त्यांवर लिहिले, आणि 1958 साली चापेकरांनी इथे उत्खनन केले.

पेरिप्लसकाराने तगरच्या नावावर कापड मांडले, हस्तिदंत नाही. मात्र भडोचहून जहाजावर चढणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत आहे. तेरच्या मातीतून निघालेल्या वस्तू पाहिल्या, तर या गावात कापडाखेरीज बरेच काही घडत आणि विकले जात होते हे कळते: शंखाच्या बांगड्या, काचेचे आणि रंगीत दगडांचे मणी, हाडाच्या सुया-सळ्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या पांढऱ्या मातीच्या पोकळ मूर्ती, रोमन नाण्यांचे ठसे उमटवलेली मातीची पदके. या सगळ्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे ती हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती.

उभी स्त्री, कमरेला जड मेखला, अंगभर दागिने आणि डोक्याच्या माथ्यावर एक भोक. हे भोक महत्त्वाचे. पूजेच्या मूर्तीच्या माथ्यात भोक पाडण्याचे काही कारण नसते. त्यात दुसरी एखादी वस्तू बसवायची असणार. धातूचा घासून लखलखीत केलेला आरसा त्यात रोवला की खाली उरते ती आरशाची मूठ. म्हणजे ही मूर्ती कारागिराने हातात धरण्यासाठी घडवली होती.

अशा मुठीची घडण हत्तीचा दातच ठरवतो. सुळ्याचा बुडाकडचा भाग आतून पोकळ असतो, टोकाकडचा भरीव. मूर्तीला भरीव तुकडा लागतो आणि त्याची जाडी मर्यादित. करवतीने तुकडा कापायचा, कानशीने गोलाई आणायची, बारीक हत्यारांनी दागिने आणि केस कोरायचे, सामत्याने भोक पाडायचे आणि शेवटी घासून, घोटून चकाकी आणायची. बाहेर पसरलेला हात कोरायचा तर भोवतालचा पुष्कळ दात वाया जातो आणि हात मोडण्याचीही भीती. म्हणून अवयव अंगाला लागून ठेवलेले बरे पडतात. 

तेरच्या मूर्तीची बहीण सापडली ती थेट इटलीत. 1938 साली पॉम्पेई इथल्या उत्खननात एका घरात सुमारे 25 सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती मूर्ती मिळाली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे मूर्ती त्याआधीची हे नक्की. तिचे पाय एकमेकांवरून तिरपे वळलेले, दोन्ही हात वर उचललेले, मनगटापासून वर चढत गेलेली कंकणे, घोट्यापासून पोटरीपर्यंत तोडे. दोन्ही बाजूंना दोन छोट्या सेविका. पाठीवर रुळणारी वेणीही कारागिराने सोडलेली नाही, कारण हातातली वस्तू मागूनही दिसते. तिच्याही माथ्यातून खाली भोक गेले आहे. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटले गेले आणि ते नाव अजून चिकटून आहे. यक्षी म्हणणे अधिक रास्त. काही अभ्यासक तिला आरशाच्या मुठीऐवजी छोट्या आसनाचा पाय मानतात. तसे असले तरी ती घरातल्या वापराची वस्तूच ठरते.

तिसरी अशी मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनची. तिथे शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांच्या 1973 सालच्या उत्खननात ती निघाली, आणि तिच्यातही सेविका आहेत. तेर आणि भोकरदन ही दोन्ही गावे सातवाहनांच्या मुलखातली, पैठणच्या व्यापारी वाटेशी जोडलेली. त्यामुळे पॉम्पेईची मूर्तीही दख्खनमध्येच घडली, असे मत पुढे आले. त्याला अडसर एकच: तिच्या तळाशी कोरलेले अक्षर खरोष्ठी लिपीतले आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. अफगाणिस्तानात बेग्राम इथे 1937 पासून सापडलेले हस्तिदंती काम याच जातकुळीचे आहे. कारागीर किंवा मूर्ती, दोघांपैकी कोणीतरी लांबचा प्रवास केला होता. तेरचा तुकडा मात्र तेरलाच मिळाला, आणि अशा मुठींना दख्खनमध्ये गिऱ्हाईक होते एवढे तरी त्यावरून ठरते.

हस्तिदंताचे काम करणारे लोक नामवंत होते, याचा लेखी पुरावा सांचीला आहे. तिथल्या महास्तूपाच्या दक्षिण तोरणावर, शिल्पकाम विदिशेच्या दंतकारांनी केल्याचा प्राकृत लेख कोरलेला आहे. दातावर चालणारा हात दगडावरही चालला. सांचीच्या तोरणांवरील दागिन्यांची बारीक कोरणी आणि या मुठींवरची कोरणी शेजारी ठेवून पाहिली तर नाते लगेच ओळखू येते.

सातवाहनांची सत्ता तिसऱ्या शतकात संपली, रोमशी चालणारा व्यापारही आटला, आणि तगरचे मोठे नगरपण ओसरले. गाव मात्र उठले नाही. त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ, उत्तरेश्वराचे देऊळ आणि पुढे संत गोरोबा काकांची समाधी यांमुळे ते नांदते राहिले. शेतात, पांढरीच्या मातीत सापडणाऱ्या वस्तू गावातले व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जमवल्या. हजारो वस्तूंचा तो संग्रह आज तेरला त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात आहे.