कपडे, गादी, कपबशी आणि कागदावरचे चहाचे डाग : काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही

आपल्याकडे पाहुणा आला की आधी चहा, पंचायतीची बैठक असो नाहीतर साखरपुडा, मधे चहा. मग तो कधी ना कधी सांडणारच. पोराचा शाळेचा पांढरा शर्ट, आजोबांचं धोतर, लग्नातली पैठणी, गादी, कधी कधी तर टेबलावर ठेवलेला सातबारा. डाग निघाला नाही की शर्ट नवीन घ्यावा लागतो, आणि घाईत चुकीचं काही ओतलं तर चांगलं कापडही जातं. घरात असलेल्या साध्या वस्तूंनी बहुतेक डाग निघतात, फक्त क्रम नीट पाळायला हवा. ही माहिती मोबाईलमध्ये जपून ठेवा, गरजेला कामाला येईल.

चहाचा डाग इतका चिवट का?

चहाच्या पत्तीत टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. हिरड्यातही तोच असतो. हिरडा आणि तुरटी वापरून कापड रंगवायची जुनी पद्धत आपल्या देशात आहे. म्हणजे चहाचा डाग हा नुसता मळ नाही, तो एक प्रकारचा रंगच आहे. सुती धाग्यात तो मुरतो.

आपला चहा दुधाचा असतो. त्यामुळे टॅनिनसोबत दुधातली प्रथिनं, साय आणि साखरही कापडात जाते. प्रथिनांवर गरम पाणी पडलं की ती धाग्यात घट्ट बसतात. साखरेवर इस्त्री फिरली की ती करपून पिवळी-तपकिरी होते. म्हणून दोन गोष्टी पाठ करा : दुधाच्या चहाला आधी थंड पाणी, आणि डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नाही.

पहिली पाच मिनिटं सगळ्यात महत्त्वाची

1. चहा सांडला की स्वच्छ सुती कापडाने टिपून घ्या. घासू नका. घासलं की डाग पसरतो आणि आत जातो.
2. कापड उलटं करून डागाच्या मागच्या बाजूने थंड पाण्याची धार सोडा. जिकडून चहा आत गेला तिकडूनच तो बाहेर ढकलायचा.
3. नंतर एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा कपड्याची पावडर विरघळवून त्यात अर्धा तास भिजवा. मग हलक्या हाताने चोळा आणि धुवा.
4. वाळत टाकण्याआधी उजेडात धरून बघा. डाग दिसत असेल तर पुन्हा भिजवा. डाग वाळला की काम दुप्पट होतं.

साबणाची वडी डागावर थेट रगडायची सवय बऱ्याच घरांत आहे. चहाच्या डागाला ती चालत नाही. वडीच्या साबणाने टॅनिनचा डाग पक्का होऊ शकतो, आणि बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट थर वरून बसतो तो वेगळाच. इथे पावडर किंवा लिक्विड बरं.

कोरा चहा पांढऱ्या सुती कापडावर सांडला असेल तर गरम पाणी चालतं, कारण त्यात दूध नसतं. बाकी सगळ्या वेळी सुरुवात थंड पाण्याने.

तुरटी, चुना, गंजकी बादली लांब ठेवा

डाग पडला की कुणी तुरटी चोळतं, कुणी चुना लावतं. हे करू नका. रंगारी तुरटी वापरायचे ती रंग पक्का बसावा म्हणून, मग ती डाग कसा काढणार? लोखंडाचं तर आणखी वाईट. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. म्हणून चहा सांडलेला कपडा गंजक्या बादलीत किंवा लोखंडी घमेल्यात भिजवू नका. बोअरच्या पाण्याने बादलीत तांबूस थर बसत असेल तर त्या पाण्यात लोह आहे असं समजा आणि भिजवायला नळाचं किंवा पावसाचं पाणी घ्या.

जुना, वाळलेला डाग

पांढरं सुती कापड (धोतर, टोपी, नेहरू शर्ट, चादर) : एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग पाणी डागावर लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालतो. नंतर पाण्याने पूर्ण धुवून घ्या आणि मग पावडरच्या पाण्यात भिजवा. धुतलेलं ओलं कापड कडक उन्हात टाकलं की उरलेला पिवळेपणा बराच कमी होतो.

तरीही राहिला तर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड. दुकानात ते बहुतेक सहा टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घातलं की तीन टक्क्यांचं होतं. डागापुरतंच लावा, दहा मिनिटं ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. हातात मोजे नसतील तर निदान प्लास्टिकची पिशवी घाला.

शाळेचा गणवेश : हे कापड सहसा सुती आणि पॉलिस्टरचं मिश्रण असतं. वरची पांढऱ्याची पद्धत पांढऱ्या शर्टाला चालते. रंगीत पँट, स्कर्टला पेरॉक्साइड किंवा ब्लीच लावू नका, नाहीतर डागाच्या जागी पांढरा ठिपका दिसेल.

रंगीत सुती कपडे : कुठलीही गोष्ट लावण्याआधी आतल्या शिवणीवर किंवा पदराच्या टोकाला थेंबभर लावून दहा मिनिटं बघा. पांढऱ्या चिंधीने दाबल्यावर रंग उतरला तर थांबा. वाळवताना उलटं करून सावलीत टाका.

पैठणी आणि रेशीम : इथे घरगुती उपाय करू नका. कोरड्या मऊ कापडाने टिपा आणि लवकरात लवकर ड्रायक्लीनवाल्याकडे द्या. देताना ‘दुधाचा चहा सांडलाय’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे त्याला औषध निवडता येतं. रेशमावर नुसत्या पाण्याचाही डाग पडतो. लिंबू, सोडा, ब्लीच यांनी रेशीम आणि जर दोन्ही खराब होतात.

घोंगडी, स्वेटर, लोकर : फक्त थंड पाणी आणि थोडं सौम्य लिक्विड. पिळू नका, दाबून पाणी काढा, आडवं पसरून वाळवा. धुण्याचा सोडा आणि ब्लीच लोकरीला खातं.

गादी आणि उशी

कापसाची गादी पाण्याने भिजवली की आतून वाळत नाही, वास येतो आणि कापसाचे गोळे होतात. म्हणून आधी कोरड्या कापडाने दाबून चहा शोषून घ्या. मग पावडरच्या पाण्याचा नुसता फेस कापडावर घेऊन डागावर दाबा. नंतर साध्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसा. शेवटी खायचा सोडा भुरभुरून दोन तास ठेवा, झटका आणि गादी दिवसभर उन्हात, दोन्ही बाजूंनी.

कपबशी, थर्मास, पातेलं

चिनी मातीच्या कपबशा : ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन चोळा. आतला तपकिरी थर निघतो. तारेची घासणी वापरू नका. चरे पडले की पुढचा डाग त्यात जाऊन बसतो. प्लास्टिक आणि मेलामाइनच्या कपांना तर अजिबात नाही.

स्टीलचा थर्मास : दोन चमचे खायचा सोडा आणि गरम पाणी घालून रात्रभर ठेवा. झाकण लावू नका, उघडाच ठेवा. सकाळी बाटलीच्या ब्रशने घासून दोनदा विसळा.

स्टीलचं चहाचं पातेलं : पाणी आणि एक चमचा सोडा घालून पाच मिनिटं उकळा, मग घासा. स्टीलची गाळणी त्याच पाण्यात टाकली की जाळीत अडकलेलं सगळं सुटतं.

जर्मनचं पातेलं : याला सोडा लावून उकळू नका, भांडं काळं पडतं आणि पत्रा झिजतो. त्यात पाणी आणि लिंबाच्या साली घालून उकळा, भांडं उजळ होतं. ते पाणी फेकून द्या.

जड पाण्याच्या गावात कपाच्या कडेला पांढुरका-तपकिरी थर बसतो. त्यात क्षार असतात, म्हणून तिथे सोड्यापेक्षा व्हिनेगर किंवा लिंबू जास्त चालतं.

सोडा आणि लिंबू एकत्र? उपयोग नाही

मोबाईलवर व्हिडिओ येतात, सोड्यावर लिंबू पिळलं की फस्स करून फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटतं औषध जबरदस्त आहे. खरं तर दोघं एकमेकांची ताकद मारतात. आंबट वेगळं वापरा, सोडा वेगळा वापरा, मधे पाण्याने धुवा. आणि बंद बाटलीत हे मिश्रण कधीच करू नका. आत वायू साठतो आणि झाकण उडून तोंडावर येऊ शकतं.

फरशी आणि ओटा

शहाबादी फरशी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर हे चुनखडीच्या जातीचे दगड. यांच्यावर लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड टाकलं की दगड खाल्ला जातो, चकाकी जाते आणि ती जागा कायमची खरखरीत होते. पावडरचं पाणी आणि मऊ ब्रश, एवढंच. डाग मुरला असेल तर खायच्या सोड्याचा ओला लेप लावा, वरून प्लास्टिक ठेवा आणि दुसऱ्या दिवशी धुवा. ग्रॅनाइट आणि टाइल्सला एवढी भीती नसते.

कागदावर चहा सांडला तर

सातबारा, फेरफार, खरेदीखत, गुणपत्रिका. इथे डाग काढायच्या मागे लागू नका, अक्षर वाचवा. पुसू नका, कोरडं कापड वरून ठेवून दाबा. पानं चिकटली असतील तर ओढू नका. कोऱ्या पांढऱ्या कागदांमध्ये ठेवून वर वजन ठेवा आणि तासातासाला ते कागद बदला. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई उतरते. ऊन, चूल, इस्त्री नको. पूर्ण वाळल्यावर लगेच मोबाईलवर फोटो काढून ठेवा. लिंबू किंवा ब्लीच कागदावर कधीच नाही, शाई, सही आणि शिक्का सगळं जातं.

सातबारा खराब झाला तर डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो. नोंदणी झालेल्या खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. म्हणून घाबरून मूळ कागदावर प्रयोग करू नका.

हे मात्र जिवावर बेतू शकतं

कपड्याचं ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच आणि व्हिनेगर, ब्लीच आणि लिंबू यांचंही तेच. बंद न्हाणीघरात हा वायू छातीत गेला तर श्वास कोंडतो. फवारणीला दोन औषधं विचारल्याशिवाय मिसळत नाही ना आपण? तोच नियम इथे.

* ब्लीच फक्त पांढऱ्या सुतीवर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, थंड पाण्यात, दार-खिडकी उघडी ठेवून.
* आधी व्हिनेगर किंवा लिंबू लावलं असेल तर ते पूर्ण धुतल्याशिवाय ब्लीच लावू नका.
* ब्लीच, ॲसिड, पेरॉक्साइड कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. लहान पोरं पाणी समजून पितात.
* उग्र वास येऊन खोकला, डोळ्यांची आग सुरू झाली तर सगळं तिथेच सोडून मोकळ्या हवेत या. दम लागत असेल तर 108 ला फोन करा.
* डोळ्यात उडालं तर निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळे धुवा आणि दवाखाना गाठा.
* कुणी प्यायलं तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्या.

थोडक्यात सांगायचं तर आधी टिपा, मग थंड पाणी, मग पावडर, मग आंबट, आणि अगदी शेवटी पांढऱ्या सुतीलाच ब्लीच, तेही एकटं. शर्टावर थोडा डाग राहिला तरी शर्ट घालता येतो. घरात धुणं करणाऱ्या प्रत्येकाला ही माहिती दाखवा, आणि वाचता येत नसेल त्यांना वाचून सांगा.