उड्डाण संगणक, हौशी अग्निबाणातील

हौशी अग्निबाणाची उंची मोजून योग्य क्षणी पॅराशूट उघडणारे छोटे इलेक्ट्रॉनिक मंडल. त्यातील वायुदाब संवेदक प्रक्षेपणस्थळाचा दाब शून्य उंचीचा मानतो. त्यामुळे समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मी. उंच असलेल्या जबलपूरलाही जमिनीपासूनचीच उंची मिळते.

बसवणी : संगणक मधल्या बंद कप्प्यातील फळीवर स्क्रूने पक्का करतात आणि बॅटरी पट्ट्याने आवळतात. कप्प्याच्या भिंतीत समान अंतरावर तीन-चार बारीक छिद्रे पाडतात. त्यांतून बाहेरचा दाब आत पोहोचतो. पॅराशूट बाहेर ढकलणाऱ्या काळ्या दारूचा वायू शिरू नये म्हणून दोन्ही टोके हवाबंद ठेवतात.

जोडणी : बॅटरी, बाहेरून हाताळता येणारा स्विच आणि ही दारू पेटवणारे दोन प्रज्वलक टर्मिनलांना जोडतात. पहिला प्रज्वलक शिखरबिंदूला लहान पॅराशूट सोडतो. दुसरा खाली येताना, बहुधा १५० ते ३०० मी. उंचीवर, मोठे. अग्निबाण प्रक्षेपण-दांड्यावर उभा केल्यावरच स्विच चालू करतात. प्रज्वलकांची मंडले अखंड आहेत की नाहीत, हे संगणक बीप देऊन कळवतो.

भारतात काळी दारू स्फोटक अधिनियम, १८८४ च्या कक्षेत येते. जबलपूरजवळ डुमना विमानतळ असल्याने तेथे हवाई हद्दीचाही विचार करावा लागतो.